विमान: आधी वाडा, मग वाहन

‘वि’ म्हणजे पक्षी, ‘मान’ म्हणजे सारखे. म्हणून पक्ष्यासारखे ते विमान, अशी व्युत्पत्ती मोबाइलवर सारखी फिरत असते. संस्कृतात ‘वि’चा एक अर्थ पक्षी आहे, हे खरे. पण विमानातला ‘वि’ हा साधा उपसर्ग आणि पुढचा धातू ‘मा’, म्हणजे मोजणे. प्रमाण, परिमाण, निर्माण ही त्याचीच भावंडे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या हिरण्यगर्भ सूक्तात ‘यो अन्तरिक्षे रजसो विमानः’ असे येते. तिथे विमान म्हणजे अंतरिक्ष मापून काढणारा देव. पक्ष्याच्या गोष्टीपायी हा अर्थ हरवतो, याचे मला फार वाईट वाटते.

मोजून-आखून बांधतात ते घर. त्यामुळे पुढे विमान म्हणजे अनेक मजल्यांचा, विशेषतः सात मजली वाडा. मेघदूतातल्या अलकानगरीत वारा ढगांना ‘विमानाग्रभूमी’वर, म्हणजे वाड्यांच्या वरच्या मजल्यांवर नेतो. तिथली चित्रे त्यांच्या थेंबांनी बिघडतात आणि घाबरलेले ढग विरत विरत, धुराचे सोंग घेऊन जाळीच्या खिडक्यांतून बाहेर सटकतात. दक्षिणेत गाभाऱ्यावरच्या शिखराला आजही विमानच म्हणतात. तंजावरच्या बृहदीश्वराचे विमान इ.स. १०१०च्या सुमाराचे, ६० मीटरहून उंच. त्याच देवळाच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरलेला आहे.

देवांचे वाडे आकाशात, आणि ते फिरते. तिथून शब्द उडाला. पुष्पकात राम, सीता, लक्ष्मण, बिभीषण आणि वानरांचा अख्खा मेळा बसून अयोध्येला येतो. एवढी माणसे रथात मावत नाहीत, वाड्यातच मावतात. अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशात ‘व्योमयान’ (आकाशातले वाहन) आणि विमान शेजारी बसले आहेत. जैन परंपरेत विमानांत राहणारे देव ते ‘वैमानिक’. आज आपण पायलटला तेच म्हणतो.

मराठी माणसाच्या मनात मात्र विमान म्हटले की देहू आणि तुकोबांना न्यायला आलेले वैकुंठीचे विमान. लिंगायत समाजात मृताला बसवून नेतात त्या सजवलेल्या मखरालाही विमानच म्हणतात.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईत जुहूला उतरले. ‘पुस मॉथ’ जातीच्या त्या छोट्या विमानात चालक एकटाच, सोबत टपालाच्या थैल्या. नाव मात्र सात मजली वाड्याचे.