अंगरखा, बाराबंदी, केडियू: शिवायला टाकण्यापूर्वी वाचा

नवरात्र किंवा लग्नसराई जवळ आली की बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या शिंपीकामाच्या दुकानात एक वाद हमखास रंगतो. मराठी मंडळी म्हणतात, बाराबंदी, म्हणजे बंदांनी बांधायचा आखूड अंगरखा, आमची, गायकवाडांबरोबर बडोद्यात आली. गुजराती मंडळी म्हणतात, ती आमच्या केडियूवरूनच, म्हणजे चुण्यांच्या घेरदार अंगरख्यावरूनच घेतलेली. हे पत्रक दोघांसाठी आहे.

बडोद्यावर गायकवाडांचा अंमल १७३४ पासून कायम झाला. बंदांचा अंगरखा त्याच्या कितीतरी आधीचा. अकबराच्या दरबारातल्या अबुल फझलने ‘आईन-इ-अकबरी’त ‘तकौचिया’ या बिनअस्तरी अंगरख्याबद्दल लिहिले आहे आणि तो हिंदुस्थानी धाटणीचा असल्याचे स्पष्ट म्हटले आहे. पूर्वी त्याच्या घेराला चिरा असत आणि बंद डावीकडे. बादशहाने घेर गोल करवला, बंद उजवीकडे घेतले. तेव्हा हा कपडा मुघलांनी आणला असे कुणी म्हटले, तर तेही खरे नाही. शिवलेला लांब डगला तर त्याहून जुना. मथुरेच्या संग्रहालयातल्या कुषाण राजा कनिष्काच्या मस्तक नसलेल्या पुतळ्याच्या अंगावर तो आहे, आणि कुषाण आले होते मध्य आशियातून.

म्हणून आम्ही कुणा एकाची बाजू घेत नाही. शिंप्याला जे दिसते ते असे: हातमागाचा पन्हा अरुंद, कापड वाया न घालवता घेर हवा तर तिरक्या कळ्या, म्हणजे खाली रुंद होत जाणारे तुकडे जोडायचे. हात वर केल्यावर काख उसवू नये म्हणून तिथे बगल, म्हणजे चौकोनी तुकडा लावायचा. बटणांऐवजी बंद. हा हिशेब मराठी, गुजराती, राजस्थानी सगळ्याच शिंप्यांनी केला. नवसारी पूर्वी बडोदे संस्थानातलीच. तिथल्या पारशांच्या पांढऱ्या डगलीलाही बंदच असतात. फरक पडतो तो कामाने आणि हौसेने. रबारी-भरवाडांच्या केडियूला छातीखाली दाट चुण्या असतात, बाराबंदी आखूड आणि अंगासरशी बसते.

गरब्यासाठी केडियू घ्याल तर सुतीच घ्या, घाम टिपतो. चुण्यांना कापड बरेच लागते, त्यामुळे किती लागेल ते आधी आम्हाला विचारून मगच कापड खरेदी करा. घरात जुना अंगरखा असेल तर जरूर आणा. आम्ही उसवत नाही, वरूनच कळ्या मोजून तसाच नवा शिवतो.

बंद डावीकडे हवेत की उजवीकडे, हे माप देतानाच सांगा. मुघलकालीन चित्रांत हिंदूंचे बंद बहुधा डावीकडे आणि मुसलमानांचे उजवीकडे दिसतात. काही घरांत ही रीत आजही पाळतात. कापड एकदा कापले की बाजू बदलता येत नाही.