‘शुद्धीवर कधी आलात?’ : डोक्याला मार लागल्यानंतरच्या आठवणींची पार्श्वभूमी

डोक्याला मार लागलेल्या माणसाला ‘तुम्ही शुद्धीवर कधी आलात?’ असे विचारायचे आणि त्याच्या उत्तरावरून दुखापतीची तीव्रता ठरवायची, ही पद्धत ब्रिटिश मेंदुविकारतज्ज्ञ विल्यम रिची रसेल यांनी १९३२ पासूनच्या लेखनातून रूढ केली. रुग्ण बोलतो, जेवतो, माणसे ओळखतो आणि तरीही त्या दिवसांतले पुढे त्याला काहीच आठवत नाही. त्यामुळे रुग्ण बोलू लागण्याच्या वेळेपेक्षा अपघातापासून सलग आठवण सुरू होईपर्यंतचा काळ रसेल यांना अधिक भरवशाचा वाटला. १९६१ पर्यंत त्याच्या पायऱ्याही ठरल्या: एक तासाच्या आत सौम्य, एक दिवसापर्यंत मध्यम, आठवड्यापर्यंत तीव्र आणि त्यापुढे अतितीव्र. म्हणजे जी स्मृती दुखावली होती, तिलाच मोजपट्टी केले गेले.

रसेल यांना यातली अडचण दिसत नव्हती असे नाही. १९३५ साली त्यांनी नोंदवलेला रुग्ण गोल्फच्या मैदानाची निगा राखणारा २२ वर्षांचा तरुण होता. ऑगस्ट १९३३ मध्ये तो मोटारसायकलवरून फेकला गेला. आठवड्याने तो नीट बोलू लागला आणि परिचारिकांनी तो पूर्ण शुद्धीवर आल्याचे मानले; विचारपूस करता मात्र तो सांगू लागला की हा फेब्रुवारी १९२२ आहे आणि आपण शाळेत शिकतो. ऑस्ट्रेलियात काढलेली पाच वर्षे आणि परतल्यानंतरची दोन वर्षे त्याच्या लेखी घडलीच नव्हती. दुसऱ्या आठवड्यात ऑस्ट्रेलिया आठवले. तिसऱ्या आठवड्यात तो कामाच्या गावी परतला, तर तेच गाव अनोळखी वाटून तो वाट चुकू लागला. दहा आठवड्यांनंतर शेवटची काही मिनिटे वगळता सारे परत आले. प्रश्न तोच राहिला, उत्तर मात्र विचारल्या दिवसागणिक बदलत गेले.

ती शेवटची मिनिटे मुळात टिपलीच जात नाहीत, की टिपून पुसली जातात? १९७० मध्ये यार्नेल आणि लिंच या संशोधकांनी अमेरिकन फुटबॉलच्या खेळाडूंना डोक्याला धक्का बसताच मैदानावरच विचारले, तेव्हा त्यांना नुकताच खेळलेला डाव सांगता आला. काही मिनिटांनी पुन्हा विचारले, तेव्हा तो आठवेना.

दुसरी अडचण तुटक आठवणींची आहे. रुग्णवाहिकेतला दिवा किंवा आईचा चेहरा एवढेच बेटासारखे उरते, आणि रुग्ण त्यालाच शुद्धीवर आल्याची वेळ समजतो. शिवाय नातेवाइकांनी पुढे वारंवार सांगितलेला प्रसंग त्याला स्वतःचा वाटू लागतो. यात खोटेपणा नसतो. म्हणूनच १९७९ साली टेक्सासमधील गॅल्व्हस्टन येथे रुग्णाचे भान आणि स्मृती तपासणारी, रोज खाटेपाशी घ्यायची, १०० गुणांची चाचणी तयार झाली आणि पुढच्या दशकात सिडनीच्या वेस्टमीड येथून दुसरी आली.

सौम्य मार लागलेला माणूस बहुधा उशिरा डॉक्टरकडे येतो, त्यामुळे तिथे अशी रोजची चाचणी जमत नाही आणि जुना प्रश्नच विचारावा लागतो. फक्त तो आता तोडून विचारला जातो: अपघाताआधीचे शेवटचे काय आठवते, नंतरचे पहिले काय, त्यापुढे लगेच काय, आणि यातले तुम्हाला कोणी सांगितलेले किती?