अर्ध्या हॉर्सपॉवरचं विमान

पायपर जे-३ कब हे पिवळं, दोन माणसांचं अमेरिकन विमान १९३८ सालचं. पंखांचा विस्तार १०.७ मीटर, भरलेलं वजन सुमारे ५५३ किलो आणि नाकावर, पुढच्या आवृत्त्यांत, ६५ हॉर्सपॉवरचं इंजिन. मोठी रेडिओ कंट्रोल मॉडेलं बांधणाऱ्यांचं ते जुनं लाडकं. पाव मापात बांधलं तरी पंख २.७ मीटर भरतात आणि ते खोलीतून बाहेर कसं काढायचं, हे बांधून झाल्यावर सुचतं. त्याच्या आधीचा प्रश्न मात्र इंजिनाचा. किती सीसीचं घ्यायचं?

माप पाव, म्हणून ताकदही पाव, म्हणजे सोळा हॉर्सपॉवर? साफ चूक. लांबी, रुंदी, उंची तिन्ही पाव झाल्या की वजन ६४ पट घटतं; ५५३ किलोचे साडेआठ किलो उरतात. मॉडेल मूळ विमानासारखंच उडावं, तर त्याचा वेग मापाच्या वर्गमुळाने, म्हणजे निम्म्याने कमी हवा. ताकद म्हणजे बल गुणिले वेग. बल वजनाबरोबर ६४ पट घटतं, वेग २ पट. ६४ गुणिले २, १२८. आता ६५ ला १२८ ने भागा. उत्तर अर्धा हॉर्सपॉवर! घराच्या टाकीत पाणी चढवणारा छोटा पंप असतो, तेवढाच.

एवढ्यावर कुणी उडवत नाही, आणि त्याला कारणं आहेत. लहान पंखांना आणि लहान प्रॉपेलरला हवा तेवढी साथ देत नाही. त्याच कामात जास्त ताकद वाया जाते. मैदानातलं गवतही पाव मापाचं नसतं. वाराही पाव मापाचा नसतो. ताशी १५ किलोमीटरचा वारा या मॉडेलला मूळ कबला ३० चा लागावा तसा लागतो. शिवाय मूळ कब चढायला आळशीच. आपल्याला मात्र मैदानाकडेची झाडं येण्याआधी वळून वर जायचं असतं. म्हणून अनुभवी मंडळी २० ते ३० सीसीचं दोन-स्ट्रोक पेट्रोल इंजिन लावतात. गणिताच्या कित्येक पट, पण त्यात वायफळ असं फार थोडं.

खरं तर आधी प्रॉपेलर ठरवावा, मग तो फिरवणारं इंजिन शोधावं. खोक्यावरची हॉर्सपॉवर बहुधा चढ्या आरपीएमला (मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांना) मोजलेली असते. मोठा प्रॉपेलर लावला की इंजिन तिथे पोहोचतच नाही. कबसारख्या सावकाश विमानाला मोठा व्यास आणि कमी पिच लागतो. पिच म्हणजे एका फेरीत प्रॉपेलर जेवढा पुढे सरकेल ते अंतर. मूळ प्रॉपेलर ७२ इंचांचा, म्हणजे मापात १८ इंची. ८ इंच पिचचा प्रॉपेलर ७००० आरपीएमला फिरला, तर हवेत घसरण न धरता तो विमानाला ताशी ८५ किलोमीटरपर्यंत ओढेल. कबला साठ पुरतात.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट हिशेबात धरावी लागते. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच. एप्रिलच्या ४० अंशांच्या दुपारी तिथली हवा समुद्रसपाटीवरच्या, १५ अंशांच्या प्रमाण हवेपेक्षा साधारण १४ टक्के विरळ असते. इंजिन तेवढी कमी हवा ओढतं, प्रॉपेलरलाही तेवढीच कमी मिळते. काठावरचं इंजिन घेणाऱ्याला हे मे महिन्यात कळतं.

मग थेट ५५ सीसीचं का नको? अंगापेक्षा बोंगा जड होतो म्हणून. जड इंजिनासाठी मजबूत फायरवॉल (इंजिन बसवायची पुढची भिंत), मोठी टाकी, जाड चाकं, आणि नाक खाली गेलं म्हणून शेपटीत शिसं. पहिल्या महायुद्धातल्या सोपविथ कॅमलसारख्या आखूड नाकाच्या ब्रिटिश लढाऊ विमानाची गोष्ट वेगळी. तिथे पुढे शिसं घालावंच लागतं, मग त्याऐवजी जड इंजिन घेणं शहाणपणाचं. कबचं नाक तेवढं उपाशी नसतं. आणि खरी पंचाईत उतरताना होते. थ्रॉटल, म्हणजे इंजिनाची गती ठरवणारी दांडी, पूर्ण मागे ओढली तरी मोठा प्रॉपेलर मंद गतीतही ओढतच राहतो, हलकं कब जमिनीपासून हातभर वर तरंगत राहतं आणि मैदानाचं कुंपण जवळ येत जातं.