मातृवंदनेचा अर्ज: कागद दिवस राहण्याआधीच जमवा

प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेत पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये मिळतात. गरोदरपणाची नोंद आणि पहिल्या सहा महिन्यांत किमान एक तपासणी झाली की ३,०००; जन्मनोंद व बाळाचे चौदा आठवड्यांपर्यंतचे डोस झाले की २,०००. दुसरं बाळ मुलगी असेल तर एकरकमी ६,०००. अर्ज अंगणवाडीताई किंवा आशाताई भरून देतात. इथवर सोपं.

पैसे अडतात ते खात्यापाशी. ‘आधार जोडलंय’ असं बाई सांगते, पण केवायसीला दिलेली झेरॉक्स म्हणजे डीबीटीची, म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात येण्याची, जोडणी नव्हे. बँकेत ‘डीबीटीसाठी आधार सीडिंग’ असंच म्हणून फॉर्म मागा. शिष्यवृत्तीसाठी कॉलेजात असताना उघडलेलं खातं जोडलेलं असेल तर हप्ता तिकडेच जातो, आणि त्याचं पासबुक माहेरच्या ट्रंकेत!

दुसरं, पात्रतेचा पुरावा. अन्नसुरक्षेचं रेशनकार्ड, ई-श्रम (असंघटित कामगारांचं कार्ड), रोजगार हमीचं जॉब कार्ड, आयुष्मान कार्ड, ८ लाखांखालचा उत्पन्नाचा दाखला, यांपैकी एक पुरे. सगळ्या जणी रेशनकार्डच धरून बसतात. माहेरी नाव कमी होऊन सासरी चढेपर्यंत सातवा महिना लागतो. त्यापेक्षा असंघटित कामात असाल तर ई-श्रम काढा. नवऱ्याचं आधार आता सक्तीचं नाही, तरी मागणारे मागतात.

पहिल्या बाळासाठी अर्जाची मुदत ५७० दिवस, पण ती शेवटच्या पाळीपासून. बाळंतपणापासून मोजणाऱ्या हमखास चुकतात. म्हणून पाळीची तारीख अंदाजाने सांगू नका, कॅलेंडरवर खूण करा. दुसरं बाळ मुलगी असेल तर मात्र जन्मापासून २७० दिवस.

हे सगळं पोट सांभाळत रांगेत उभं राहून का करायचं? पण यंत्रणेला बाई दिसते ती दिवस राहिल्यावरच. फॉलिक अ‍ॅसिडचंच बघा. ही गोळी जिच्यासाठी लागते ती बाळाच्या मेंदू-मज्जारज्जूची नळी गर्भ राहिल्यापासून पहिल्या चार आठवड्यांत मिटते, आणि नाव नोंदवायला बाई येते दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात. मूल हवं असणाऱ्या बाईने रोज ४०० मायक्रोग्रॅम घ्यावं, हे अ‍ॅनिमिया मुक्त भारत या सरकारी मोहिमेच्या सूचनांमध्येच आहे. तरी गोळी मागितली की पहिला प्रश्न, ‘दिवस गेलेत का?’ सासू शेजारी उभी असली की नवी सून तशीच परत फिरते.

तेव्हा आशाताई जननक्षम जोडप्यांची नोंद घ्यायला येतील त्या दिवशी त्यांना बाजूला घेऊन सांगा, ‘आम्हाला मूल हवंय.’ गोळी, हिमोग्लोबिन, साखर, आणि हो, त्या खात्याचंही त्याच वेळी विचारा.