मोळीनं जंगल संपलं?

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडं जंगलाचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर येतं: "बायका मोळ्या आणतात, म्हणून रान उजाड झालं." मुख्य कारण म्हणून तरी हे मुळीच खरं नाही.

या समजुतीला खतपाणी घातलं ते अभ्यासकांनीच. १९७०च्या दशकात विकसनशील देशांसाठी एक सोपं गणित मांडलं गेलं. माणशी सरपण किती जळतं, जंगल वर्षाला किती वाढतं, आणि त्यातली तूट किती. त्यावरून शतक संपेपर्यंत कित्येक देशांत सरपणच उरणार नाही, असे इशारे निघाले. तसं काही घडलं नाही.

सरपण म्हणजे तोडलेलं झाड, असं त्यात धरलं होतं. आपल्याकडच्या कुठल्याही परड्यात डोकवा: वाळक्या काटक्या, काजूच्या छाटलेल्या फांद्या, झावळ्या, तुरकाट्या, भिंतीवर थापलेल्या शेणी. यातलं बरंचसं जंगलातलं नव्हेच. आणि डोक्यावरून वाहायचं तर ओलं लाकूड कोण उचलेल? शिवाय टंचाई जाणवली की लोक जपून जाळतात, बांधावर झाडं राखतात. त्या हिशेबात हे कुठं होतं?

जगभरात जंगलतोडीचं सर्वांत मोठं कारण शेतीचा विस्तार हेच आहे. आफ्रिकेत शहरांना लाकडी कोळसा पुरवणाऱ्या काही पट्ट्यांत मात्र जळणाचा फटका खराच बसतो.

चुलीचा धूर छातीला वाईटच, तेव्हा घरोघरी गॅस हवाच. पण तो प्रश्न वेगळा.