रुग्णमिश्र

रुग्णमिश्र : एखाद्या रुग्णालयात ठरावीक काळात दाखल झालेल्या रुग्णांची आजार, वय, सहव्याधी व उपचार यांनुसार होणारी गटवारी, आणि तिच्यावरून खर्चाचा अंदाज बांधून रुग्णालयाला पैसे देण्याची पद्धत. मराठी संज्ञा अद्याप रुळलेली नाही. रुग्णालयांत ‘केस-मिक्स’ हाच शब्द चालतो.

कल्पनेच्या उगमाविषयी मतभेद आहेत. काही अभ्यासक हा धागा फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८६० च्या सुमारास सुचवलेल्या एकसारख्या रुग्णालय-नोंदींपर्यंत, तर काही बॉस्टनचे शल्यविशारद अर्नेस्ट कॉडमन यांच्यापर्यंत मागे नेतात. या दोघांचा रोख मात्र उपचारांच्या परिणामांवर होता. त्यामुळे १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात येल विद्यापीठात रॉबर्ट फेटर व जॉन थॉम्प्सन यांनी हाती घेतलेल्या कामापासून सुरुवात धरणे अधिक सयुक्तिक. त्यांनाही पैसे वाटायचे नव्हते. रुग्णालयाचे ‘उत्पादन’ मोजायचे होते. पहिले ३८३ गट रुग्ण किती दिवस राहिला यावरून पाडले गेले, खर्चावरून नव्हे. १९८३ मध्ये अमेरिकेच्या मेडिकेअरने (मुख्यतः वृद्धांसाठीची सरकारी आरोग्य विमा योजना) सुधारित गट देयकासाठी स्वीकारले, तेव्हा हा मूळ दोषही काही अंशी सोबत आला.

खरी अडचण एकाच गटातल्या तफावतीची. समजा, खुब्याच्या तीन शस्त्रक्रियांना ४० हजार, ५० हजार व ३ लाख रुपये खर्च आला. तिसरा रुग्ण मधुमेही, मूत्रपिंड अधू, म्हणून आयसीयूत राहिलेला. सरासरी १ लाख ३० हजार येते, मध्यक (क्रमाने मांडल्यास मधली किंमत) ५० हजारच. खर्चाचे लॉग (लॉगॅरिदम) घेऊन सरासरी काढली आणि ती तशीच रुपयांत उलटवली, तर सुमारे ८४ हजार येतात. म्हणजे प्रत्येक रुग्णामागे रुग्णालयाला ४६ हजारांची खोट. ही चूक भरून काढण्यासाठी संख्याशास्त्रज्ञ नाइहुआ दुआन यांनी १९८३ मध्ये दुरुस्ती सुचवली. खर्चाबरोबर प्रचरणही (आकड्यांचा विखुरलेपणा) वाढत असेल, तर गॅमा वितरणावर (थोड्या फार मोठ्या किमती सामावणारे संख्याशास्त्रीय वितरण) आधारलेले समाश्रयण (रिग्रेशन) बरे, कारण त्यात सरासरी थेट रुपयांतच मिळते. टोकाची बिले छाटून टाकण्याची रीत सोयीची खरी, पण गुंतागुंतीचे रुग्ण घेणाऱ्या रुग्णालयाला ती महाग पडते, म्हणून अशा बिलांसाठी काही देशांत वेगळी भर दिली जाते.

पुण्यात या पद्धतीचा वापर मर्यादित आहे. राज्याची जीवनदायी योजना (आता महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना) २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली. पुणे जिल्हा २०१३ च्या विस्तारात आला. तिचे दर ‘पॅकेज’चे, म्हणजे शस्त्रक्रियेगणिक ठरलेले. धर्मादाय रुग्णालयांच्या निर्धन रुग्ण निधीत ढोबळ बिलाच्या २ टक्के रक्कम जमा होते, तीही रुग्णमिश्र न पाहता. ससूनसारख्या (स्थापना १८६७) शासकीय रुग्णालयाचे अंदाजपत्रक वेतन, औषधे, साहित्य अशा शीर्षांनी चालते. अवघड रुग्णांचा भार त्यात वेगळा दिसत नाही. २०२२ मध्ये राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरणाने गटनिहाय देयकाच्या प्रायोगिक टप्प्यासाठी पाच राज्ये निवडली, त्यांत महाराष्ट्र होता.

प्रतिमान (मॉडेल) कितीही नेटके असले, तरी त्याचा कच्चा माल डिस्चार्ज कार्ड. त्यावर घाईत नुसते ‘खुब्याचे फ्रॅक्चर’ लिहिले आणि मधुमेह व मूत्रपिंडाचा उल्लेख राहिला, की वरचा ३ लाखांचा रुग्ण हलक्या गटात जाऊन बसतो.