विजयदुर्ग आणि हेलियम: एक खुलासा

१८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर यांनी विजयदुर्ग किल्ल्यावरून हेलियमचा शोध लावला, असे कोकणात वर्षानुवर्षे सांगितले जाते आणि किल्ल्यावरचे चौथरे पुरावा म्हणून दाखवले जातात. प्रत्यक्षात त्या दिवशी लॉकियर इंग्लंडमध्ये होते.

सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळा ग्रहण नसताना पाहण्याचे त्यांचे आधीचे प्रयत्न वर्णपटदर्शक (प्रकाश त्याच्या रंगांत फोडून दाखवणारे उपकरण) पुरेसा समर्थ नसल्याने फसले होते. नवे उपकरण हाती आल्यावर त्याच वर्षी २० ऑक्टोबरला त्या दिसल्या, आणि त्यांच्या वर्णपटात सोडियम या मूलद्रव्याच्या ओळखीच्या दोन पिवळ्या रेषांजवळ, तरीही त्यांच्याशी न जुळणारी एक पिवळी रेषा होती. रसायनज्ञ एडवर्ड फ्रँकलंड यांच्यासह त्यांनी हायड्रोजनमधून ती प्रयोगशाळेत मिळवण्याची खटपट केली, दाब आणि तापमान बदलून पाहिले, पण ती उमटली नाही. माझ्या मते हे अपयशच या शोधाचा गाभा आहे, कारण ज्ञात वायू ती रेषा देत नाही हे दिसल्यामुळेच अज्ञात मूलद्रव्याचा, म्हणजेच हेलियमचा, तर्क करता आला. १८९५ मध्ये रसायनज्ञ विल्यम रॅम्झी यांना आर्गॉन हा वायू शोधताना पृथ्वीवरच, युरेनियमच्या खनिजात, हेलियम वायू सापडला.

लॉकियर विजयदुर्गला खरोखरच आले होते, ते २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. घोटाळा बहुधा तिथूनच सुरू झाला असावा.